फोटोत नसलेला हात

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटते त्याने अकोटला यावं. आमच्या माहेरचा पत्ता मी देते. माझी मोठी वहिनी आजही तिथेच राहते. तिच्या उजव्या हाताची करंगळी नीट बघा, आणि मग मला खुशाल खोटारडी म्हणा.

आणखी एक. भुतंखेतं रात्रीच येतात हे कोणी ठरवलं कोण जाणे. हे घडलं भर दुपारी. दोन हजार सात साली, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, अकोटच्या बाजारात, व्हिडिओ मिक्सिंगच्या एका दुकानात. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता.

वहिनीने सांगितलं तसंच सांगते. पदरचं काही घालत नाही.

शेवटचं तेवढं माझ्या स्वतःच्या हातावर घडलेलं आहे...

माझं सासर धामणगाव रेल्वेला. माहेरी आई दुर्गाबाई, मोठा भाऊ सूर्यभान, धाकटा सहदेव, आणि दोघांच्या बायका. मोठी कौशल्या, धाकटी सिंधू. दोघींनी अमरावतीला चित्रकलेचा एकच कोर्स केलेला. कौशल्यावहिनी शाळेत चित्रकला शिकवायची, सिंधू घरी मुलींचे क्लास घ्यायची.

दोघी जावा सारख्या शिकलेल्या, एका छताखाली. म्हणजे तुलना आलीच की नाही? आणि तुलनेत सिंधू कायम वरचढ.

सिंधूच्या हातची रांगोळी. सिंधूच्या हातचं पिठलं. सिंधूच्या हातची भुलाबाई.

आमची आई तर कमालच करायची. कौशल्यावहिनी समोर उभी राहून वाढत असायची आणि आई विचारायची, "पिठलं कोणं केलं व? सिंधूनं केलं असन तं वाढ अजून."

आता बोला! वहिनी पिठल्याचा डाव ताटात जरा जोरात आपटायची, इतकंच. पण आतून जळायची. सिंधूचं नाव निघालं की तिचे कान तापायचे, हे तिनेच मला सांगितलं.

सिंधूच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात चेंगरली आणि तशीच आत वळून जुळली. मी माहेरी गेले की प्रसाद देताना ती त्या वाकड्या करंगळीने माझ्या तळहातावर हळूच एक गोल काढायची. मला गुदगुल्या व्हायच्या. आमच्या दोघींची ही गंमत तिसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती.

एवढं लक्षात ठेवा.

आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी. पोरीबाळी घरोघरी गाणी म्हणतात, मग डबा खुळखुळवून आतली खिरापत ओळखायची आणि खायची. कोजागिरी झाली की बोळवण. भुलाबाई म्हणजे माहेरवाशीण, महिन्याची पाहुणी. तिला त्याहून एक दिवसही जास्त ठेवून घ्यायचं नाही.

या भुलाबाईची फिल्म करायची हे दोघींनी मिळून ठरवलं होतं. मूर्ती जराशी हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकामागे एक पळवले की मूर्ती चालायला लागते. सिंधूने त्यासाठी खास मूर्ती घडवल्या. मान आणि हात वेगळे, आत काडी बसवून, वळतील असे.

रंग झाला. फक्त डोळे काढायचे राहिले.

आणि सिंधूला ताप आला. ताप डोक्यात गेला. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, पण ती काही परत आली नाही.

त्या वर्षी घरात भुलाबाई बसली नाही. मूर्ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेल्या.

पुढच्या वर्षी कौशल्यावहिनीने त्या खाली काढल्या. अमरावतीच्या एका कला मंडळाने छोट्या फिल्मची स्पर्धा ठेवली होती. मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. वहिनीने ठरवलं, ही फिल्म आपली. एकटीची. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी हवी जिच्यावर फक्त कौशल्या हे नाव असेल.

तिने मूर्तींचे डोळे काढले. फार सुरेख काढले, मी पाहिलेत.

आईला मोतीबिंदू होता. ती मूर्ती चाचपत बसली आणि रडायला लागली. "माह्या सिंधूच्या हातची शेवटची भुलाबाई..."

"डोळे म्या काढले, आई."

"हो व. पण घडवली तं तिनंच ना?"

वहिनी उठून मागच्या खोलीत गेली. तिथे भिंतीला डोकं टेकवून म्हणाली, "मेली तरी सुटका नाही."

भादव्याच्या पौर्णिमेला त्याच मूर्ती मागच्या खोलीत मखरात बसल्या, आणि मग रोज दुपारी काम सुरू झालं. दुपारी आमच्याकडे लोडशेडिंग. मागच्या खोलीच्या खिडकीतून एकसारखा उजेड यायचा, तेवढ्यात फोटो काढायचे. शाळेचा कॅमेरा, शाळेचा स्टँड. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून वहिनी हातातली काकणं काढून कोनाड्यात ठेवायची.

मूर्ती केसभर हलवायची. हात बाजूला घ्यायचा. फोटो.

पुन्हा केसभर. हात बाजूला. फोटो.

पंखा बंद. गल्ली झोपलेली. आई पुढच्या खोलीत आडवी.

आणि एके दुपारी वहिनीने हात मागे घेतला, तेव्हा...

किण्.

काकणांचा आवाज.

तिने कोनाड्याकडे पाहिलं. काकणं जागच्या जागी होती. तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं.

उंदीर असेल, तिने मनाशी म्हटलं. खरं तर उंदराचा आणि काकणांचा आवाज कोणत्या बाईला ओळखू येत नाही? पण हातात काम होतं.

मग तो आवाज रोज यायला लागला. तिने हात मागे घेतला, की लगेच किण्. जणू आणखी कोणी तरी हात मागे घेत होतं.

कोजागिरी आली आणि शेवटचा प्रसंग राहिलाच. दोन दिवस ढगाळ गेले होते, उजेड मिळाला नव्हता. आणि आई तर बोळवणीची तयारी करून बसलेली.

इथे वहिनीने चूक केली. अशी चूक आमच्याकडच्या लेकीबाळीसुद्धा करणार नाहीत.

तिने कुंभाराकडून साधी बाजारची जोडी आणली. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात ती बसवली. आईच्या डोळ्यांना काय कळणार? आईने हळदकुंकू वाहिलं, डोळे पुसले, आणि सकाळी सहदेव त्या मूर्ती पाण्यात सोडून आला.

सिंधूची भुलाबाई बाजेखाली, लुगड्यात गुंडाळलेली.

पाहुणीला कोंडून ठेवलं म्हणा ना!

त्याच सकाळी स्वच्छ ऊन पडलं. वहिनीने शेवटचे फोटो काढले, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि दुपारी लुबनाच्या दुकानात गेली.

लुबना ही बाजारातली मिक्सिंगवाली. लग्नाच्या कॅसेटी, वाढदिवसाच्या सीड्या, सगळं करायची. पोरगी कामाला चोख. सिंधू तिच्या चांगल्या ओळखीची. सिंधू गेली तेव्हा मातीला आली होती, आईच्या गळ्यात पडून रडली होती.

तिने आधी नावांची पाटी लिहायला घेतली. "ताई, मूर्ती सिंधूभाभीच्या ना? तिचं नाव टाकलं, ठेवू?"

"एकच नाव लिही," वहिनी म्हणाली. "माह्यं."

लुबनाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग सिंधूचं नाव पुसलं.

तिने सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. पहिला फोटो निवडला, एका चौकोनात खूण केली. बाकीचे नंबरवार आपोआप मागे लागले. मधला एक फोटोही गाळलेला नव्हता. आधी हलक्या दर्जाची छोटी फाईल काढून पाहू, ती म्हणाली. ती लवकर होते.

झाली. दोघी बघायला लागल्या.

भुलाबाईने मान वळवली. हात उचलला. चालायला लागली... वहिनीच्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा. किती सहज चालत होती! वहिनीने हलवली होती त्याहून कितीतरी सफाईने.

"ताई, हे काय आहे?"

मूर्तीच्या मागे एक धब्बा होता. मूर्ती हलली की धब्बा हलायचा. ती थांबली की तोही थांबायचा.

"छोटी फाईल आहे ना, फुटून राहिली असन," लुबना म्हणाली. "जरा मोठी काढते."

दुसरी फाईल काढली. पट्टी हळूहळू पुढे सरकली. तेवढ्यात लाईट गेली. बाजारातले सगळे पंखे एकदम थांबले. लुबनाचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला.

दुसरी फिल्म सुरू झाली.

आता तो धब्बा नव्हता. सावली होती.

सावलीला बोटं होती...

लुबनाने फिल्म थांबवली. फोटोंचं फोल्डर उघडलं आणि एकेक फोटो मोठा करून बघायला लागली. मूर्ती, मखर, भिंत. मूर्ती, मखर, भिंत. सगळे तपासले. कुठल्याच फोटोत सावली नाही.

"ताई, कसम से, मी काही टाकलं नाही."

"मोठी काढ," वहिनी म्हणाली. "सगळ्यात मोठी. पडद्यावर दाखवाची ती."

"ताई, राहू द्या ना..."

"काढ म्हणलं ना!"

सगळ्यात चांगल्या दर्जाची फाईल म्हणजे वेळ लागणारच. इन्व्हर्टर टू टू करायला लागला. दोघी घामाने भिजल्या. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. वहिनी सांगते, त्या वेळात ती देवाचं नाव घेत नव्हती. ती एकच म्हणत होती... तू नसशील, तू नसशील, तू नसशील.

फाईल झाली.

पडद्यावर हात होता.

सावली नाही, धब्बा नाही. बाईचा स्वच्छ, जिवंत हात. नखं दिसत होती. नखांत माती दिसत होती. तो हात भुलाबाईची मान दोन बोटांत धरून अलगद वळवत होता, भुलोजींचा फेटा नीट करत होता, आणि मूर्ती त्याच्या तालावर चालत होत्या.

करंगळी वाकडी होती.

लुबनाने तोंडावर ओढणी धरली. "या अल्लाह... सिंधूभाभी."

वहिनी हलली नाही. "काढून टाक. पूस तो हात."

"कुठून पुसू, ताई? फोटोत असता तं पुसला असता. तो कोणत्याच फोटोत नाही!"

तरी तिने प्रयत्न केला. मधले फोटो गाळले. फिल्म आखूड झाली, हात तसाच राहिला.

आणि मग स्पीकरमधून आवाज आला. अजून गाणं टाकलं नव्हतं, काहीच टाकलं नव्हतं...

किण्. किण्. किण्.

"ताई, तिचं नाव टाकू," लुबना रडकुंडीला आली. "एक ओळ तं आहे. काय जाते आपलं?"

आणि वहिनीचा बांध फुटला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं.

"काय जाते? सगळंच तं जाते! जिती होती तवा पिठलं तिचं, रांगोळी तिची, सासू तिची. आता मेली तरी फिल्म तिचीच? मंग मी का करू? रोज दुपारी घामाघूम मरून राहिली ते कायले? नाही टाकत नाव. जे कराचं ते कर म्हणा तिले!"

"अन् हा हात? लोक विचारतीन ना."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. हात सुंदर होता. तिला तेही कळत होतं, चित्रकलेची बाई ती. हातामुळे फिल्म कुठल्या कुठे गेली होती.

"विचारलं तं सांगीन," ती म्हणाली. "हा हात माहाच आहे."

किणकिण थांबली.

त्या शब्दासरशी थांबली. दुकानात इतकं शांत झालं, की बाहेर रस्त्यावरचा बैल मान हलवतोय तेही ऐकू यायला लागलं.

लुबना म्हणते, तिला त्या आवाजाची भीती वाटत होती. पण तो थांबला तेव्हा जास्त वाटली.

त्याच संध्याकाळी वहिनीने सिंधूच्या मूर्ती गुपचूप पाण्यात सोडल्या. पण पाहुणीचा मुक्काम तर वाढलाच होता ना.

दिवाळीनंतर अमरावतीला स्पर्धा झाली. आई, सूर्यभान, सहदेव, सगळे गेले. मी धामणगावहून आले. हॉलमध्ये अंधार झाला, मोठ्या पडद्यावर भुलाबाई आली, आणि तो हात.

काय सांगू तुम्हाला! माणसाच्या उंचीचा हात. लोक श्वास रोखून बघत होते. माझ्या शेजारी सहदेव बसला होता. त्याने खुर्चीचा दांडा असा गच्च धरला, की मला वाटलं तुटेल.

पहिलं बक्षीस मिळालं. वहिनी मंचावर गेली. परीक्षक म्हणाले, "मूर्ती छान आहेतच. पण या फिल्मचा प्राण म्हणजे तो हात. काय माया आहे त्या हातात! कोणाचा हो तो?"

वहिनीने पदर सावरला.

"माझाच, सर."

टाळ्यांनी हॉल दणाणला. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या टाळ्या तिच्या होत्या.

बाहेर आल्यावर सहदेवने तिला गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, तो हात तुमचा नव्हे."

"मंग कोणाचा?"

सहदेवच्या ओठांवर नाव आलं होतं. पण स्वतःच्या हाताने अग्नी दिलेल्या बायकोचं नाव असं कसं घेणार? त्या दिवसानंतर तो वहिनीच्या हातचं जेवला नाही. पुढे अकोल्यात खोली करून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठली तेव्हा करंगळी आखडली होती.

उजव्या हाताची.

रात्री अंगाखाली आली असेल, तिला वाटलं. शेकली. तेल चोळलं. ती मात्र रोज थोडी थोडी आत वळत गेली. अकोल्याला डॉक्टरला दाखवलं. एक्स-रे काढला. नस साफ होती, पण हाड जुनं मोडून जुळल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी बोट चेंगरलं होतं का?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"मग असं जुळलं कसं?"

त्याच आठवड्यात तिने पिठलं केलं. आईने घास घेतला आणि चावायची थांबली. डोळ्यांतून धारा लागल्या.

"सिंधूच्या हातचं हाय हे," आई म्हणाली. "हुबेहूब. कसं केलं व तू?"

दारातली रांगोळी बघून शेजारच्या बाया थबकायला लागल्या. शाळेत फळ्यावर काढलेलं चित्र पुसायला मुलं तयार होईनात. चहूकडून कौतुक, आणि प्रत्येक कौतुकाच्या शेवटी तेच... अगदी सिंधूसारखं.

वहिनीने डाव्या हाताने काम करून पाहिलं. भाकरी करपली, रांगोळी फिसकटली. उजवा हात ओल्या फडक्याने बांधून ठेवला. सकाळी फडकं घडी घालून उशाशी ठेवलेलं असायचं. घडीच्या कडा अगदी बरोबर जुळवलेल्या. सिंधू घालायची तशा.

मी पुष्कळ मत्सरी बाया पाहिल्यात. मीही काही साधू नाही. पण आपल्याच हातावर जळणारी बाई मी एकच पाहिली. जेवतानाही ती त्या हाताकडे बघत नाही.

एकदा ती लुबनाकडे गेली. "ती फिल्म लाव," म्हणाली.

लुबनाने तीच मोठी फाईल लावली. भुलाबाई आली. मान वळवली, हात उचलला, अडखळत, धक्के खात चालली. मखर, भिंत, मूर्ती. दोघींनी शेवटपर्यंत पाहिली.

फिल्ममध्ये आता हात नाही...

लुबनाने त्यानंतर मिक्सिंगचं दुकान बंद केलं. आता झेरॉक्स काढते. फोटो स्थिर असलेलाच बरा, म्हणते.

आता माझं सांगते.

पुढच्या भादव्यात मी माहेरी गेले. भुलाबाई बसली होती. मूर्ती वहिनीने घडवलेल्या. काय मूर्ती होत्या! मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय म्हणणार होते ते माझं मलाच कळलं.

गाणी झाली. खिरापत वाटायला वहिनी उठली. शेजारची बाई दारातून काहीतरी विचारत होती, वहिनी मान तिकडे वळवून तिच्याशी बोलत होती. बोलता बोलताच तिने माझ्या हातावर खिरापत ठेवली.

आणि वाकड्या करंगळीने माझ्या तळहातावर...

हळूच एक गोल काढला.

वहिनीचं बोलणं चालूच होतं. आपल्या हाताने काय केलं, हे तिला कळलंही नव्हतं.

पण खरं सांगू? मी हात मागे घेतला नाही. माझे डोळे आपोआप मिटले. सिंधू किती लाडकी होती माझी.

तेव्हापासून दरवर्षी जाते. दरवर्षी घाबरते, आणि दरवर्षी हात पुढे करते. वहिनीला मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही.

पण मागच्या कोजागिरीला सगळे उठून गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. केस पिकलेत तिचे. काम झाल्यावर पुन्हा फडक्यात बांधलेला हात मांडीवर ठेवला, त्याच्याकडे न बघता. मग म्हणाली,

"निमाबाई, एक विचारू? माह्या हातून खिरापत घेताना तुमी दरसाल डोळे कावून मिटता?"

मी माझी मूठ मिटून घेतली.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि फडक्याच्या आत करंगळी हलत होती.